भरत चाललेला खळगा

वडिलांच्या कानांचा आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात होते. कोणताही आलेख समोर आला की आधी त्यातली विसंगती शोधायची, ही सवय मला नुकतीच लागली होती. ठाण्यातल्या एका श्रवणतज्ज्ञ बाईंनी तो कागद माझ्या हातात दिला. आडव्या अक्षावर आवाजाची कंप्रता होती आणि उभ्या अक्षावर तो ऐकू येण्यासाठी किती मोठा करावा लागला ते. रेषा बराच वेळ सरळ चालली होती. चार हजार हर्ट्झपाशी ती एकदम खाली कोसळत होती आणि पुढे पुन्हा थोडी वर येत होती. डाव्या कानाचा खळगा उजव्यापेक्षा खोल होता.

"हे काय काम करतात?" बाईंनी विचारले.

"सिक्युरिटी सुपरवायझर आहेत."

"त्याच्या आधी?"

"तोफखान्यात होते. चोवीस वर्षं."

त्यांनी पेनचे टोक खळग्यावर टेकवले. "मग बरोबर आहे. वयाने जाणारे कान असे जात नाहीत. वयाची रेषा जिना उतरल्यासारखी सरळ उतरत जाते. मधेच असा खड्डा पडतो तो मोठ्या आवाजांमुळे."

वडील शेजारच्या खुर्चीवर ताठ बसले होते. आम्हा दोघींचे ओठ हलायचे थांबले तेव्हा त्यांनी मोठ्याने विचारले, "पास की नापास?"

सेवेमुळे अपंगत्व आले असेल तर निवृत्त सैनिकाला त्याची वेगळी पेन्शन मिळते. अट एकच: ते सेवेमुळेच आले, हे सैन्याने मान्य करायला हवे. वडिलांनी हवालदार म्हणून निवृत्त होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. मागे येणाऱ्या टेम्पोचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही, म्हणून कंपनीने त्यांना गेटवरून उठवून आत रजिस्टरपाशी बसवले होते. कोपरीतल्या मित्रांच्या संध्याकाळच्या बैठकीला जाणे त्यांनी आपणहून सोडले होते, कारण सगळे हसल्यावर एक क्षण उशिरा हसण्याचा त्यांना कंटाळा आला होता. अर्ज करायला मात्र ते तयार नव्हते. ज्यांचे हातपाय गेले त्यांच्यासाठी ते आहे, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना आलेख समजावून सांगितला, नियमाची छापील प्रत दाखवली आणि चार महिन्यांत निकाल लागेल असे सांगितले. तो आकडा मी कशाच्या आधारे दिला, हे आज मला सांगता येणार नाही. पुरावा स्वच्छ असला की निष्कर्षाला वेळ लागत नाही, अशी माझी त्या वयातली समजूत होती.

जिल्ह्याच्या कार्यालयातून अर्ज परराज्यातल्या रेकॉर्ड ऑफिसात गेला. सात महिन्यांनी तो परत आला. नमुना जुना होता. नव्या नमुन्यात भरून पाठवला, तर डिस्चार्ज बुकाची साक्षांकित प्रत चालणार नाही, मूळ बुक पाठवा, असे पत्र आले. वडिलांनी ते बुक प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले आणि घरी येईपर्यंत पावती मुठीत धरून ठेवली. मूळ बुक अकरा महिने कुठे होते ते आम्हाला कधीच कळले नाही. ते परत आले त्याच सुमारास सगळा कारभार संगणकावर गेला आणि कागदावरचे जुने अर्ज नव्या यंत्रणेत दिसेनासे झाले. मी फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने अत्यंत सौजन्याने सांगितले की अशा नावाचा कोणताही अर्ज प्रलंबित नाही, त्यामुळे विलंबाचा प्रश्नच येत नाही.

मी त्या प्रवासाचा तक्ता काढला होता. कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर, किती दिवस. दुष्ट माणूस त्यात कुठेच सापडला नाही. प्रत्येक टेबलाची मागणी स्वतंत्रपणे पाहिली तर रास्त होती. फाईल पुढे सरकवणाऱ्याला आपल्या सहीची जबाबदारी घ्यावी लागत होती आणि मागे पाठवणाऱ्याला कसलीच नाही, एवढाच त्या यंत्रणेचा दोष होता. आई याचा सारांश एका वाक्यात सांगायची. "तुझे पप्पा चोवीस वर्षांत एवढे फिरले नाहीत गं, जेवढी त्यांची फाईल फिरली."

तिसऱ्या वर्षी कुणीतरी आम्हाला विठ्ठलवाडीच्या क्लार्कसाहेबांचा पत्ता दिला. हे स्वतः सैन्यातून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या एका इमारतीत तळमजल्याच्या खोलीत ते दर रविवारी माजी सैनिकांचे अर्ज लिहून देत. त्यांनी आमची फाईल पहिल्या पानापासून वाचली, अर्ज नव्या यंत्रणेत पुन्हा दाखल करून दिला आणि म्हणाले, "बेटा, तुझं काम सुंदर आहे. पण तू परीक्षेचा पेपर लिहिल्यासारखं लिहितेस. वाचणारा मास्तर नाही, थकलेला माणूस आहे. त्याला एका पानात सगळं दिसलं पाहिजे."

चौथ्या वर्षाच्या शेवटी पहिला निर्णय आला. अर्ज फेटाळला होता. कारण एका वाक्याचे होते: सेवाकाळातील सर्व वार्षिक तपासण्यांत व सेवामुक्तीच्या वेळी श्रवणशक्ती सामान्य असल्याची नोंद आहे, सबब दोष सेवेनंतर उद्भवला आहे.

मला हे अशक्य वाटले. असा खळगा निवृत्तीनंतर गेटवर उभे राहून पडत नाही. याचा अर्थ नोंदी चुकीच्या होत्या. एखादी नोंद चुकू शकते, पण वर्षानुवर्षे त्याच दिशेने चुकणाऱ्या नोंदींना काहीतरी कारण असते. ते विचारायला मी वडिलांना इमारतीच्या गच्चीवर नेले, कारण घरात त्यांच्याशी बोललेले शेजारच्या दोन घरांना ऐकू जायचे. मी वहीत प्रश्न लिहिले. ते परेडच्या आवाजात उत्तरे देत राहिले, त्यामुळे गच्चीवर जाण्याचा हेतू तसाही साधला नाही.

"कान कसे तपासायचे?" मी लिहिले.

"डॉक्टर वीस फुटांवर. आपण त्याच्याकडे पाठ करून, तोंड दाराकडे. तो हळू आवाजात आकडे बोलणार, आपण परत बोलायचे."

"मग तुम्हाला ते ऐकू कसे आले?"

वडिलांनी कठड्यावरून खाली बघितले. "कल्याण दारात असायचा."

त्यांच्या तुकडीत माणसाला त्याच्या गावावरून हाक मारायची रीत होती. वडील 'ठाणे' होते. त्यांच्याच तोफेवर त्यांना चार-पाच वर्षे सीनियर असलेला एक जण 'कल्याण' होता. तपासणीच्या रांगेत हे दोघे नेहमी एकामागे एक लागत. एक आत उभा राहिला की दुसरा दारातून डॉक्टरच्या ओठांकडे बघत बोटांनी आकडे दाखवायचा. मग जागा बदलायच्या.

"पण त्यांना तरी कुठे ऐकू येत होते?"

"ऐकू कशाला यायला पाहिजे? फायरिंग चालू असताना तोफेवर कोण काय ऐकतं? ओठ बघायचे, बोटं बघायची. त्याच्यावर तर आमचं काम चालायचं." आणि मग, मला समजले नसेल असे वाटून त्यांनी आवाज आणखी चढवला. "कान गेले असं कागदावर आलं की मेडिकल कॅटेगरी लागते. कॅटेगरी लागली की तोफ सुटते. मग बस स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजत!"

"सुटतानाच्या तपासणीतही असेच?"

"कल्याण तोवर घरी गेलेला. दारात दुसरा होता. आम्हीच तयार केलेला." ते थांबले. "शेवटी डॉक्टरनी विचारलं होतं, कोई तकलीफ? मी म्हटलं, नहीं साहब."

"का?"

वहीतला हा शेवटचा शब्द त्यांनी वाचला आणि वही मिटून मला परत दिली.

क्लार्कसाहेबांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. "तोफखान्याचे जेवढे कानवाले माझ्याकडे येतात, सगळ्यांची हीच गोष्ट. पण लिहून कुणी देत नाही."

"आणि लिहून दिलं तर?"

"तर केस उभी राहते. तुमच्याकडे चार वर्षांपूर्वीचा आलेख आहे, तोफेवर किती वर्षं काढली त्याची नोंद आहे. आडवं येतंय ते फक्त हे 'सामान्य'. ते कसं लिहिलं गेलं ते यांनी शपथेवर सांगायचं आणि ज्याने बोटं दाखवली त्याने साक्ष द्यायची. आता जुन्या गोष्टीसाठी कुणी पकडून नेत नाही."

वडील ओठ वाचत होते. "माझ्या बुकात कॅरॅक्टर 'एक्झम्प्लरी' लिहिलंय," ते म्हणाले. "त्याच्यावर मी लिहून देऊ, की मी चोरी केली?"

"केलीत ना, हवालदारसाहेब. पण चोरलंत काय, तर स्वतःचे कान!"

क्लार्कसाहेब हसले, मी हसले. वडील हसले नाहीत. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी सांगितले की हा विषय संपला. त्यानंतर जवळजवळ एक वर्ष अपील माझ्या लॅपटॉपमध्ये अर्धवट पडून होते. मी मुदत वाढवून मागत राहिले. याच काळात मला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. माझे संशोधन आधी संपेल की वडिलांची फाईल, हा घरातला विनोद झाला. तो आईनेच सुरू केला होता आणि तिलाच तो आवडेनासा झाला.

मुदतवाढीसाठी सहा महिन्यांच्या आतला वैद्यकीय अहवाल लागत होता, म्हणून पाचव्या वर्षी मी वडिलांना पुन्हा त्याच श्रवणतज्ज्ञ बाईंकडे नेले. नवा आलेख हातात आला तेव्हा पहिली काही मिनिटे मला वाटले की चुकून दुसऱ्याच पेशंटचा कागद दिला आहे. खळगा कुठे दिसत नव्हता. म्हणजे तो होता. पण त्याच्या पुढची बाजू, जी पूर्वी वर येत होती, ती आता खाली उतरली होती. सहा हजार, आठ हजार. सगळे वयाने खाली ओढले होते. उजव्या कानाची रेषा तर जिना उतरावी तशी सरळ झाली होती. आणखी दोन-तीन वर्षांनी हा आलेख वय झालेल्या कोणत्याही माणसाचा आलेख असणार होता.

तोपर्यंत विलंब म्हणजे वाया गेलेला वेळ, असे मी धरून चालले होते. आता दिसत होते की विलंब हा पुराव्यावर चालू असलेला एक प्रयोग होता आणि त्याचा निकाल ठरलेला होता. कार्यालयाने अर्ज फेटाळताना जे लिहिले होते ते लिहिले त्या दिवशी खोटे होते. पुरेसा काळ गेला की ते आपोआप खरे दिसू लागणार होते, आणि त्यासाठी कुणालाही काही करावे लागणार नव्हते.

मी दोन्ही कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि वडिलांना बोलावले. आलेख वाचायला त्यांना शिकवावे लागले नाही. तोफेच्या पल्ल्याचे तक्ते वाचण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते. त्यांनी पहिल्या कागदावर बोट ठेवले, मग दुसऱ्यावर.

"टार्गेट सरकतंय," ते म्हणाले.

"हो."

"किती वेळ आहे?"

मी दोन बोटे दाखवली, मग जरा विचार करून एक खाली घेतले.

पुढच्या रविवारी आम्ही कल्याणला गेलो. जुन्या कल्याणात, बाजारामागच्या एका गल्लीत वडिलांचे ते मित्र राहतात. दार काकूंनी उघडले आणि म्हणाल्या, "या. घसा तयार ठेवा, नाहीतर वही काढा." आतून काका भिंतीला धरून आले.

"काय रे ठाणे, आहेस का अजून?"

"कान सोडून सगळा आहे."

"मग माझ्यापेक्षा बरा. माझे गुडघे पण रिटायर झाले!"

त्या दोघांना मी पहिल्यांदाच बोलताना पाहत होते. सुरुवातीची ओरडाओरड संपल्यावर त्यांचे आवाज खाली खाली गेले आणि थोड्या वेळाने जवळजवळ बंद झाले. ओठ हलत होते, बोटे उघडत-मिटत होती, मधेच एक जण मांडीवर थाप मारून हसत होता. घरात वडिलांशी बोलताना आम्हाला जो त्रास होतो त्याचा इथे मागमूस नव्हता. काकू आणि मी मात्र गप्प बसून होतो; त्या संभाषणातले आम्हा दोघींनाच काही कळत नव्हते.

शेवटी काका माझ्याकडे वळले. "पोरी, लिही की. मी सही करतो. बोटं माझीच होती."

"याचं पण लिहायचं," वडील मला म्हणाले.

"माझं काय लिहायचं रे? मला घरी येऊन सोळा वर्षं झाली. शुगर आहे. कान कुणी तपासले पण नाहीत."

"मग तपासू."

तपासले. काकांची रेषा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी उतरत गेली होती. खळगा कधीकाळी असणारच. पण तो पाहायला तेव्हा कुणी नव्हते. मी वडिलांना घरी बसवून, कागदावर मुद्दे लिहून समजावले. काकांचा अर्ज पुराव्याअभावी जाणार. शिवाय दोघांनी एकाच वेळी दावा केला आणि दोघेच एकमेकांचे साक्षीदार झाले, तर वाचणाऱ्याला वाटेल की हे संगनमताने केले आहे.

"संगनमतानेच केलं होतं," वडील म्हणाले.

"पप्पा, तुमची केस कमजोर होईल. पाच वर्षं घातली आहेत मी याच्यात." हे मी लिहिले नाही, ओरडले. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला.

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतले आणि माझ्या मुद्द्यांखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले: दोघांचे जाईल, नाहीतर माझे पण नाही. मग ते पाणी प्यायला उठले. आई कणीक मळत होती; ती मान वर न करता म्हणाली, "अगं, कर त्यांच्या मनासारखं. दार दोघांनी मिळून सांभाळलंय त्यांनी."

क्लार्कसाहेबांनी दोन स्वतंत्र प्रकरणे तयार केली. वडिलांच्या शपथपत्राची भाषा त्यांनी तीनदा मऊ करायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा वडिलांनी ती खोडून मूळ वाक्य परत लिहायला लावले: मी माझा दोष जाणूनबुजून लपवला, कारण मला तोफेवर राहायचे होते. काकांनी स्वतःच्या कागदावर न वाचता सही केली आणि वडिलांच्या कागदावर दोनदा वाचून.

त्यानंतर पुन्हा वाट पाहणे आले. त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. वडिलांना तपासणीला दुसऱ्या शहरात बोलावले. तारीख दोनदा बदलली. काकांना बोलावलेच नाही. मी दर आठवड्याला संगणकावर अर्जांचे क्रमांक टाकून पाहू लागले, एकाच्या जागी दोन, आणि दोन्हींपुढे महिनोन् महिने 'प्रकरण विचाराधीन आहे' हेच वाक्य येत राहिले. रागाला माणूस लागतो, आणि एवढ्या काळात मला त्यासाठी एकही माणूस मिळाला नव्हता. उरला होता तो एक प्रकारचा शीण, जो झोपून जात नाही.

या वर्षी, पहिल्या अर्जानंतर सहा वर्षे आणि काही महिन्यांनी, निर्णय आला. वडिलांचे अपील मान्य झाले. आदेशात लिहिले होते की जुन्या आलेखाचे स्वरूप, तोफेवरील सेवेचा कालावधी आणि अर्जदाराचे स्पष्ट कथन लक्षात घेता दोष सेवेमुळे उद्भवला असे मानण्यात येते. मी आदेश छापून वडिलांना दिला. त्यांनी खुर्ची खिडकीजवळ ओढली, चष्मा पुसला आणि तो कागद दोनदा वाचला. आई पदराने हात पुसत त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली.

"अहो, पेढे आणू का? काहीतरी बोला."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. "कल्याणचं?"

काकांचा आदेश त्याच दिवशी आला होता. तो मी छापला नव्हता. मी नकारार्थी मान हलवली. दोष वयोमानानुसार असून सेवेशी संबंध प्रस्थापित होत नाही, असे त्यात होते. एकच तोफ, तीच वर्षे, तोच आवाज. सहा वर्षांपूर्वी एकाला घरातल्या मुलीने कान तपासायला नेले होते आणि दुसऱ्याला कुणी नेले नव्हते, एवढाच काय तो फरक.

वडिलांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग त्यांनी विचारले, "अपिलाला मुदत किती?"

"सहा महिने."

"पुरावा?"

त्यांच्या नावाचा आदेश त्यांच्याच हातात होता. मी त्यावर बोट ठेवले. त्या तोफेने कान जातात, हे आता सैन्याने स्वतः लेखी मान्य केले होते, आणि काकांना देता येईल असा हा एकमेव पुरावा होता. पुरेसा आहे का, हे मला माहीत नाही. मी परीक्षक असते तर एका उदाहरणावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढू दिला नसता.

त्यांना ते लगेच समजले. त्यांनी कागदाची घडी घातली नाही, तसाच उघडा टेबलावर ठेवला आणि हाताने सपाट केला. "याच्या चार झेरॉक्स काढ," ते म्हणाले. "आणि लिहायला घे."

मी लॅपटॉप उघडला. आईने पेढ्यांचा विचार सोडून गॅसवर चहा ठेवला. वडील खिडकीजवळून उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि त्यांच्या नेहमीच्या, सगळ्या मजल्याला ऐकू जाणाऱ्या आवाजात सांगू लागले:

"मी आणि अर्जदार एकाच तोफेवर बारा वर्षं होतो. तो उजवीकडे उभा राहायचा. लिहिलंस? ऑर्डर ऐकायला आम्ही एका कानातला कापूस काढून ठेवायचो. मी डाव्यातला. तो कुठल्या कानातला काढायचा ते त्याला विचारून घेतो, मोकळी जागा सोड."